बाबांचं होमोसिस्टीन ४२ आलंय: बी-१२ घ्यायचं की नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बाबांचं वय ६३. गेल्या महिन्यात उजवा हात वीसेक मिनिटं लुळा पडला, जीभ जड झाली आणि मग सगळं पूर्ववत झालं. डॉक्टरांनी टीआयए, म्हणजे मेंदूचा तात्पुरता झटका, असं निदान केलं. मधुमेहासाठी अकरा वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे. घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. तपासणीत रक्तातलं होमोसिस्टीन नावाचं द्रव्य ४२ आलं, म्हणजे बरंच जास्त, आणि बी-१२ ११८, म्हणजे कमी. डॉक्टरांनी ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन आणि बी-१२ची इंजेक्शनं लिहून दिली. भाऊ म्हणतो, होमोसिस्टीनमुळे धमन्या बिघडतात हा किल्मर मकली नावाच्या अमेरिकन डॉक्टरांचा जुना सिद्धांत, मोठ्या चाचण्यांत तो केव्हाच बाद झाला, इंजेक्शनांवर पैसे घालवू नका. आत्या म्हणतात, त्याच मकलींनी कोलेस्टेरॉलची भीती खोटी ठरवली, म्हणून स्टॅटिन बंद करा आणि नुसतं बी-१२ घ्या.

इंजेक्शनंही चालू ठेवा आणि स्टॅटिनही. घाईत असाल तर एवढं वाचून थांबलात तरी चालेल. पण भाऊ आणि आत्या दोघंही एकाच माणसाचं नाव घेऊन उलट्या दिशांना निघालेत, आणि मी गेली अठ्ठावीस वर्षं मेडिसिनची प्रॅक्टिस करताना ही गल्लत सतत बघतोय. म्हणून मकलींनी नेमकं काय पाहिलं होतं तिथपासून सांगतो.

१९३३ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये आठ वर्षांचा एक मुलगा पक्षाघाताने गेला. शवविच्छेदनात त्याच्या मानेतल्या धमन्या म्हाताऱ्या माणसासारख्या जाड आणि अरुंद झालेल्या दिसल्या. आठ वर्षांच्या मुलाच्या! कारण कुणालाच कळलं नाही. ती केस न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आणि विसरली गेली. पुढे १९६५ मध्ये त्याच हॉस्पिटलात नऊ वर्षांची एक मुलगी आली. तिला होमोसिस्टिन्यूरिया असल्याचं निदान झालं. हा जन्मजात आजार तेव्हा नुकताच, १९६२ मध्ये, माहीत झाला होता. यात होमोसिस्टीन हे द्रव्य रक्तात साचतं आणि लघवीतून बाहेर पडतं. मुलीच्या आईला आठवलं की आपला एक भाऊ लहानपणी याच हॉस्पिटलात असाच काहीसा आजार होऊन गेला होता. तोच १९३३ मधला मुलगा.

मकली तिथे पॅथॉलॉजिस्ट होते. १९६८ मध्ये ही हकिकत कानावर आल्यावर त्यांनी पस्तीस वर्षांपूर्वीच्या स्लाइड आणि मेणात जपलेले ऊतींचे तुकडे शोधून काढले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. धमन्यांच्या भिंती तंतूंनी जाड झालेल्या होत्या, पोकळी चिंचोळी झाली होती, पण ज्या चरबीवर आणि कोलेस्टेरॉलवर त्या काळी सगळा दोष ठेवला जायचा तिचे साठे तिथे जवळपास नव्हतेच. पॅथॉलॉजीचं थोडंफार काम केलेल्या कुणालाही सांगता येईल की अशी स्लाइड एकदा पाहिली की डोक्यातून जात नाही.

तरीही एका केसवरून सिद्धांत मांडता येत नाही. इथे मकलींची खरी हुशारी दिसते. होमोसिस्टिन्यूरियाच्या नेहमीच्या प्रकारात होमोसिस्टीन वाढतं, आणि ज्यापासून ते तयार होतं ते मेथिओनिनही वाढतं. मग धमन्या खराब कोण करतंय? दोघांपैकी कुणीही असू शकतं. त्यांना दुसरी एक केस मिळाली, जेमतेम दोन महिन्यांच्या बाळाची. या बाळात दोष वेगळ्याच ठिकाणी होता. शरीराला बी-१२ नीट वापरता येत नव्हतं, त्यामुळे होमोसिस्टीन वाढलेलं पण मेथिओनिन उलट कमी. आणि बाळाच्या धमन्या? त्याच प्रकारे बिघडलेल्या. दोन मुलं, दोन वेगळे दोष, नुकसान मात्र एकसारखं, आणि दोघांत सामाईक गोष्ट एकच, होमोसिस्टीन. १९६९ मध्ये त्यांनी हे अमेरिकन जर्नल ऑफ पॅथॉलॉजीमध्ये मांडलं आणि पुढचा प्रश्नही तिथेच विचारला: या मुलांमध्ये जे प्रचंड प्रमाणात आणि झपाट्याने घडलं, तेच साध्या माणसांत थोड्या प्रमाणात, चाळीस-पन्नास वर्षं हळूहळू घडत असेल का?

बी व्हिटॅमिनांचा संबंध इथे येतो. डाळ, दूध, मांस, कुठल्याही प्रथिनातून आपल्याला मेथिओनिन मिळतं. शरीर ते वापरतं तेव्हा मधल्या टप्प्यावर होमोसिस्टीन तयार होतं. ते साचू नये म्हणून दोन वाटा आहेत. एका वाटेने त्याचं पुन्हा मेथिओनिन होतं, त्याला फोलेट (गोळीत ते फॉलिक ॲसिड म्हणून असतं) आणि बी-१२ दोन्ही लागतात. दुसऱ्या वाटेने त्याचं सिस्टीन होऊन ते मार्गी लागतं, त्याला बी-६ लागतं. यातलं एखादं व्हिटॅमिन कमी पडलं की होमोसिस्टीन तुंबतं. कारणं आणखीही आहेत. मूत्रपिंड मंदावलं, थायरॉइड कमी झालं, तंबाखू-सिगारेट असली, फिट्सची काही औषधं किंवा मेथोट्रेक्सेट चालू असलं, तरी आकडा वर जातो. हा परिच्छेद लक्षात ठेवा, तुमच्या बाबांचं उत्तर याच्यात आहे.

मकलींना या शोधाची किंमत मोजावी लागली. सत्तरच्या दशकात कोलेस्टेरॉलशिवाय दुसरं काही ऐकायची कुणाची तयारी नव्हती. त्यांच्या कामाचं अनुदान आटलं, दशकाच्या अखेरीस हार्वर्ड आणि ते हॉस्पिटल दोन्ही सोडावं लागलं, आणि सुमारे दोन वर्षं वणवण केल्यावर १९८१ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात जागा मिळाली. ते काम करत राहिले. २०२५ मध्ये, ९१व्या वर्षी ते गेले. मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे, आणि त्यांचं नाव फॉरवर्डमध्ये वाटेल तसं वापरलेलं पाहिलं की वाईट वाटतं.

त्यांच्या बाजूने वारं फिरलं ते १९९०च्या दशकात. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे १५,००० पुरुष डॉक्टरांच्या पाहणीत ज्यांचं होमोसिस्टीन सगळ्यांत जास्त होतं त्यांना हार्ट अटॅकचा धोका जवळपास तिप्पट दिसला. पाठोपाठ अमेरिकेतल्याच फ्रेमिंगहॅम गावातल्या दीर्घ अभ्यासातून दिसलं की वयस्क लोकांत वाढलेल्या होमोसिस्टीनचं मुख्य कारण फोलेट, बी-१२ आणि बी-६ कमी असणं हेच आहे. १९९८ पासून अमेरिकेत मैद्यासारख्या धान्याच्या पिठांत फॉलिक ॲसिड घालणं सक्तीचं झालं. ते बाळांच्या मज्जारज्जूतले जन्मदोष टाळण्यासाठी होतं, पण त्यामुळे तिथल्या सगळ्या लोकांचं होमोसिस्टीनही उतरलं. स्वस्त गोळी, सुरक्षित गोळी, आणि हृदयविकार कमी करण्याची शक्यता. त्या काळात आम्हा तरुण डॉक्टरांमध्ये केवढा उत्साह होता! मीसुद्धा अँजिओप्लास्टी झालेल्या प्रत्येक पेशंटला या तिन्ही व्हिटॅमिनांची गोळी लिहीत होतो.

मग चाचण्यांचे निकाल यायला लागले. २००४ मध्ये पक्षाघात झालेल्या ३,६८० रुग्णांवरची व्हिस्प ही चाचणी: फायदा नाही. २००६ मध्ये नॉर्वेतली नॉर्विट, हार्ट अटॅक येऊन गेलेले ३,७४९ रुग्ण: फायदा नाही. त्याच वर्षीची होप-२, ५,५२२ रुग्ण: हार्ट अटॅक आणि मृत्यूंत फरक नाही, पक्षाघात मात्र सुमारे एक चतुर्थांशाने कमी. २०१० मध्ये अशा आठ चाचण्यांमधल्या ३७,४८५ लोकांची माहिती एकत्र केली तेव्हा होमोसिस्टीन २५ टक्क्यांनी उतरलेलं दिसलं, पण पाच वर्षांत हृदयविकारावर काही परिणाम दिसला नाही. तुमचा भाऊ जे म्हणतोय ते हेच, आणि तेवढ्यापुरतं ते बरोबर आहे. हे निकाल आल्यावर मीही सरसकट गोळी लिहिणं बंद केलं.

पण त्या चाचण्यांमध्ये माणसं कोणती होती, हे तो बघत नाही. ती बहुतेक पाश्चात्त्य देशांतली, मांस-मासे-दूध व्यवस्थित खाणारी. बऱ्याच जणांच्या तर पावातच फॉलिक ॲसिड होतं. होमोसिस्टीन साधारण १२-१३च्या आसपास. ज्याची टाकी आधीच भरलेली आहे तिच्यात आणखी पाणी ओतून काय सिद्ध होणार? चीनमध्ये पिठात फॉलिक ॲसिड घालत नव्हते, तिथे २०,७०२ उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर चाचणी झाली, निकाल २०१५ मध्ये आला. सगळ्यांना एनालॅप्रिल हे रक्तदाबाचं औषध, निम्म्यांना त्याच्या जोडीला ०.८ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड. साडेचार वर्षांत पहिला पक्षाघात ३.४ टक्क्यांऐवजी २.७ टक्के लोकांना झाला. फरक डोळे दिपवणारा नाही, पण खरा आहे, आणि ज्यांच्या रक्तात फोलेट कमी होतं त्यांना जास्त उपयोग झाला.

कॅनडातल्या लंडन शहरात डेव्हिड स्पेन्स नावाचे पक्षाघाताचे तज्ज्ञ आहेत. त्यांनी याच मुद्द्यावर वर्षानुवर्षं काम केलंय. त्यांचं आणखी एक म्हणणं मला पटतं. मधुमेहामुळे मूत्रपिंड खराब झालेल्या २३८ रुग्णांवर कॅनडात एक चाचणी झाली, तिचा निकाल २०१० मध्ये आला. या तिन्ही व्हिटॅमिनांच्या मोठ्या डोसाने त्यांची मूत्रपिंडं जास्त वेगाने बिघडली आणि हृदयाचे, मेंदूचे झटकेही जास्त आले. स्पेन्स यांचा संशय सायनोकोबालामिनवर आहे. बी-१२चा हा स्वस्त प्रकार, त्यातून शरीरात थोडं सायनाइड सुटतं, आणि निरोगी मूत्रपिंड ते सहज बाहेर टाकतं. आजारी मूत्रपिंडाला ते जमत नाही. चाचण्यांमध्ये अशा रुग्णांचं नुकसान आणि बाकीच्यांचा फायदा एकमेकांत मिसळून शून्य दिसलं असावं, असा त्यांचा तर्क. तो शंभर टक्के सिद्ध झालेला नाही. पण क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर मी मिथाइलकोबालामिन किंवा हायड्रॉक्सोकोबालामिन देतो. ते आपल्याकडे सहज मिळतं, मग धोका कशाला घ्यायचा?

आता आपल्याकडचं बघा. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विषय आपल्या मातीत तपासला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पुण्यातल्या २०४ जणांपैकी ४७ टक्के लोकांचं बी-१२ कमी होतं आणि ७७ टक्क्यांचं होमोसिस्टीन १५च्या वर. यात हृदयविकाराचे रुग्ण होते, मधुमेही होते, धडधाकट लोकही होते, आणि होमोसिस्टीनच्या बाबतीत या गटांत लक्षणीय फरक नव्हता. पुढे २००६ मध्ये त्यांनी खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय अशा ४४१ पुरुषांची तुलना केली. सगळ्यांत वाईट स्थिती कुणाची असेल असं वाटतं? शहरी मध्यमवर्गाची. त्यांच्यातल्या ८१ टक्क्यांचं बी-१२ कमी होतं. वाढलेल्या होमोसिस्टीनमागे मोठा वाटा बी-१२चा होता, फोलेटचा अगदी किरकोळ. साहजिक आहे, डाळी आणि पालेभाज्या आपण भरपूर खातो.

म्हणजे पाश्चात्त्य माणसाचं होमोसिस्टीन १३ आणि आपल्याकडच्या शाकाहारी माणसाचं ४२, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तिकडे तो हृदयविकाराचा एक किरकोळ धोकासूचक आकडा आहे. इकडे तो बहुतेक वेळा बी-१२च्या उपासमारीची पावती असते. आणि उपासमार असेल तर माणसाला जेवू घालायचं, त्यासाठी हार्ट अटॅक टळतो की नाही याच्या चाचणीची वाट बघायची नाही.

पायांबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही, म्हणून विचारतो. बाबांच्या पायाला मुंग्या येतात का? तळपायाची आग होते का? चालताना चप्पल नकळत निसटते का? अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो का? मधुमेह आहे म्हणून हे सगळं साखरेच्या खात्यावर टाकलं जातं, आणि बी-१२ तपासायचं राहून जातं. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की आतड्यातून बी-१२ कमी शोषलं जातं. शाकाहार आणि अकरा वर्षं मेटफॉर्मिन, जोडीला ॲसिडिटीची रोजची गोळीही असेल, तर बी-१२ ११८ येणारच.

एक पेशंट मी विसरू शकत नाही. निवृत्त शिक्षक, माळकरी, काठी टेकत आले. सहा महिन्यांपूर्वी थकवा म्हणून रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ७ निघालं. कुणीतरी लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू केल्या. हिमोग्लोबिन अकरावर गेलं, सगळे खूश. पण पाय मात्र दिवसेंदिवस जड होत गेले. मी ट्यूनिंग फोर्क वाजवून त्यांच्या घोट्याच्या हाडावर टेकवला. विचारलं, "गुरुजी, थरथर कळतेय?" म्हणाले, "नुसतं गार लागतंय." गुडघ्यावर टेकवला, तेच. कमरेच्या हाडावर टेकवला तेव्हा कुठे म्हणाले, "हां, आता कळलं." मज्जारज्जूच्या मागच्या भागातल्या नसा गेल्या होत्या. फॉलिक ॲसिडने रक्त सुधारून दाखवलं आणि त्याच्या आडून बी-१२ची कमतरता नसा खात राहिली. इंजेक्शनांनी ते पुष्कळ सुधारले, पण काठी सुटली नाही. तेव्हापासून मी कुणालाही बी-१२ बघितल्याशिवाय नुसतं फॉलिक ॲसिड देत नाही. तुम्हीही बाबांना देऊ नका. (गरोदरपणातलं फॉलिक ॲसिड ही वेगळी आणि आवश्यक गोष्ट आहे, ते यावरून कुणी थांबवू नये.)

आत्यांच्या मुद्द्याला थोडक्यात उत्तर देतो. मकली उत्तरायुष्यात कोलेस्टेरॉलच्या सिद्धांताचे विरोधक झाले हे खरं आहे. तिथे मी त्यांच्या मागे जात नाही. होमोसिस्टीन धमनीला इजा करतं म्हणून कोलेस्टेरॉल निर्दोष ठरत नाही. १९९४ मध्ये ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या स्कँडिनेव्हियन चाचणीत स्टॅटिनने मृत्यू कमी झाले, आणि त्यानंतर हे पुन्हा पुन्हा दिसलंय. टीआयए झालेल्या मधुमेही माणसाला स्टॅटिन, ॲस्पिरिन आणि रक्तदाबावर ताबा या तीन गोष्टी वाचवतात. टीआयएनंतरचे पहिले काही आठवडे मोठ्या झटक्याचा धोका सर्वांत जास्त असतो, आणि आत्ता तुम्ही त्याच काळात आहात. कृपा करून एकही गोळी फॉरवर्ड वाचून बंद करू नका. मानेच्या धमन्यांचा डॉप्लर (सोनोग्राफी) आणि ईसीजी झालाय ना, तेवढं बघा. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर औषधच बदलावं लागतं.

बी-१२बद्दल म्हणाल तर सुरुवातीला इंजेक्शनं, नंतर रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळी, हा नेहमीचा मार्ग आहे, आणि बाबांचं मेटफॉर्मिन व खाणं बदलणार नसेल तर गोळी कायमची. शरीराची रोजची गरज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅमची असते. मग एवढी मोठी गोळी का? कारण तिच्यातला अगदी थोडा अंशच शोषला जातो. दूध-दही वाढवा, त्याने हातभार लागतो, पण एवढी तूट त्यातून भरून निघणार नाही. स्पिरुलिना, शेवग्याची पावडर, आंबवलेली इडली यांवर विसंबू नका. स्पिरुलिनात जे बी-१२ म्हणून मोजलं जातं ते बहुतांशी माणसाच्या शरीराला वापरताच येत नाही. तिन्ही व्हिटॅमिनांच्या मिश्र गोळीत बी-६ किती आहे तेही पाहा. मोठा डोस बरेच महिने घेतला तर बी-६ स्वतःच नसा बधिर करतं.

आणखी एक गोष्ट, जी लॅबवाले सांगत नाहीत. होमोसिस्टीनचं रक्त काढल्यावर बर्फात ठेवून तासाभरात सेंट्रिफ्यूज करावं लागतं, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवून पेशी वेगळ्या कराव्या लागतात. नाहीतर तांबड्या पेशींतून होमोसिस्टीन बाहेर पडत राहतं आणि दर तासाला आकडा साधारण दहा टक्क्यांनी वर चढतो. सकाळी घरी येऊन रक्त नेलं आणि नळी दुपारपर्यंत पिशवीतच फिरली, तर ३० चे ४२ होऊ शकतात. बाबांच्या बाबतीत बी-१२सुद्धा कमीच आहे, त्यामुळे उपचार बदलत नाहीत. पण अडीच-तीन महिन्यांनी पुन्हा तपासाल तेव्हा जिथे सेंट्रिफ्यूज आहे अशा लॅबमध्येच जाऊन रक्त द्या, नाहीतर औषध लागू पडूनही पडलं नाही असं वाटेल. तेव्हा आकडा १५च्या आसपास उतरला नाही, तर थायरॉइड आणि क्रिएटिनिन बघायचं.

क्रिएटिनिनचा आकडा आणि इंजेक्शनच्या पट्टीवरचं नाव, सायनो की मिथाइल, एवढं कळवा. आणि तुमची आई, तुम्ही आणि भाऊ, सगळे त्याच स्वयंपाकघरातलं जेवता. तिघांचंही बी-१२ याच आठवड्यात तपासून घ्या, भावाचं आधी.